कागदाचा घड

देवरे सरांच्या घरात टीव्ही नव्हता. १९९८ साल आलं, दसनखेड्यात केबलच्या तारा या गच्चीवरून त्या गच्चीवर लोंबायला लागल्या, शाळेच्या शिपायाकडेसुद्धा रंगीत संच आला, तरी सर संध्याकाळी ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसत. शेजारून बातम्यांचं संगीत ऐकू आलं की उठत आणि मळ्याच्या रस्त्याला फिरायला निघून जात. नवे मास्तर हसायचे. "विज्ञान शिकवतात आणि टीव्हीला घाबरतात!" जुनी माणसं मात्र हसत नसत. ती विषय बदलत.

घाबरतात हा शब्द नव्या मास्तरांनी थट्टेत वापरला होता, पण तो अगदी बरोबर होता. ती भीती कशाची, हे सांगायचं तर सहा-सात वर्षं मागे जावं लागेल, आणि सरांच्या एका हौसेपासून सुरुवात करावी लागेल. हौस साधी होती. आपलं काम कोणीतरी पाहावं, एवढीच.

रुपचंद देवरे मूळचे साक्रीकडचे. तिकडे आभाळाकडे बघून शेती करायची. नोकरी लागली ती मात्र पार पूर्वेला, सावद्याजवळच्या या केळीच्या मुलखात. बाराही महिने हिरवंगार, विहिरींना पाणी, आणि केळीने भरलेले ट्रक दिवसभर उत्तरेकडे जाणारे. इथली बोली वेगळी, जेवणखाण वेगळं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं सरांना अहिराणीत चार शब्द बोलायला माणूस सापडेना. मग एका दुष्काळी साली साक्रीकडूनच केळी वाहायला आलेली टोळी गावाबाहेर राहायला आली. तिचा मुकादम अभिमन. सरांच्या शेजारच्याच गावचा निघाला. सरांना आपलं माणूस भेटलं आणि त्या टोळीला गावात बोलायला एक सुशिक्षित तोंड मिळालं.

केळी वाहण्याचं काम पाहिलं नसेल त्याला कळायचं नाही. बागेत कापलेला घड वीस-वीस किलोचा. तो डोक्यावर चुंबळ ठेवून, पाटाच्या चिखलातून, वाकलेल्या पानांखालून रस्त्यापर्यंत आणायचा, ट्रकमध्ये द्यायचा आणि पुन्हा आत जायचं. दिवसातून किती फेऱ्या होतात, ते विचारायचं नसतं. केळीचा चीक अंगावर गळतो, त्याचे काळे डाग कापडावरून जन्मभर जात नाहीत. टोळीतल्या सगळ्यांचे सदरे त्याच रंगाचे. अभिमनच्या मानेवर मागच्या बाजूला लिंबाएवढी गाठ आली होती. त्याची थोरली पोर कोकिळा सरांच्या शाळेत घातली, तेव्हा तो म्हणाला होता, "सर, मनी पोर तुम्हना हवाली शे. तिनी डोकावर नही, डोकामा वझं उचलाले जोयजे."

सर शिकवायला चांगले होते. निवृत्तीच्या भाषणात सगळेच चांगले असतात, तसे नव्हे; खरोखर चांगले. हवेचा दाब शिकवायचा तर वर्ग विहिरीवर नेत आणि खोल पाणी पंपाला का ओढता येत नाही ते तिथेच दाखवत. सावद्याच्या भंगारबाजारात दुकानदार त्यांच्यासाठी जुन्या मोटारी आपणहून बाजूला काढून ठेवी. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात त्यांच्या पोरांनी लागोपाठ तीन वर्षं बक्षीस आणलं. तिन्ही वर्षी वर्तमानपत्रात फोटो आला तो फीत कापणाऱ्या पाहुण्यांचा. तिसऱ्या वर्षीच्या फोटोत कडेला सरांचा कोपर आला होता. लताबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, तो कोपर कौतुकाने कापून ट्रंकेत ठेवला. सर हसले, पण ते त्यांना लागलं होतं.

आणि मग १९९१ साली जळगावच्या एका कॉलेजाने शाळांसाठी यंत्रमानवांची स्पर्धा काढली.

बाकीच्या शाळांनी डब्यांचे माणूसतोंडे पुतळे करायला घेतले. डोळ्यांत लाल दिवे, पोटात रेडिओ. सरांनी वर्गात विचारलं, "आपल्या यंत्राने काय करावं?" पोरं म्हणाली नमस्कार करावा, झेंडा फडकवावा. नववीतली कोकिळा मागच्या बाकावरून उठून म्हणाली, "सर, घड उचलावा. बाबांच्या मानेवरचा."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत ठोकाठोक सुरू झाली. जीपच्या वायपरची मोटर, सायकलीची साखळी, ट्रॅक्टरची बॅटरी आणि जुन्या खाटेचे लोखंडी पाय. तीन महिन्यांनी एक उंच, एका हाताचं, चाकांवरचं प्रकरण उभं राहिलं. ते कुरकुरत पुढे जाई, हात खाली करी, आकड्यात वस्तू अडकवी आणि वर उचली. पोरांनी त्याचं नाव ठेवलं पहिलवान. पहिलवानाची ताकद पाच किलोची. सहावा किलो लावला की साखळी दात सोडायची. पण स्पर्धेला तेवढं पुरे होतं. परीक्षकांनी कल्पना पाहिली, पहिलं बक्षीस दिलं आणि जानेवारीअखेरच्या पुण्याच्या राज्य प्रदर्शनासाठी निवड केली.

दुसऱ्या दिवशी पेपरात पुन्हा पाहुण्यांचा फोटो. या वेळी कोपरसुद्धा नाही.

तेव्हा सरांनी ठरवलं, आता पेपर नको. टीव्ही.

जळगावात पितांबर नावाचा माणूस होता. लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगचा त्याचा धंदा, पण महिन्यातून एखादी फीत तो मुंबईला पाठवी आणि टीव्हीवरच्या जिल्ह्यांच्या बातम्यांत ती कधीकधी लागे. सरांनी त्याला पत्रं लिहिली. उत्तर नाही. मग दर रविवारी सकाळच्या एसटीने जळगाव. कधी पितांबर लग्नात, कधी झोपलेला, कधी 'पुढच्या आठवड्यात बघू'. सरांनी बरोबर केळी नेली, दिवाळीचा फराळ नेला. हेलपाटे घालून नाकी नऊ आले, पण चिकाटी सोडली नाही. लताबाई एकदा म्हणाल्या, "पोरांना बक्षीस मिळालं ना? मग आता हे कोणासाठी चाललंय?" सर म्हणाले, "पोरांसाठीच." ते निम्मं खरं होतं.

शेवटी डिसेंबरच्या अखेरीस देव पावला. सावद्याला दुपारचं लग्न होतं. त्याआधी तासभर येतो, असा पितांबरचा निरोप आला.

इकडे त्याच दिवसांत अभिमनच्या टोळीत वेगळंच शिजत होतं. पावसाळ्यात पुना नावाचा त्यांचा सोबती घडासकट पाटात पडला होता आणि त्याची कंबर कायमची गेली होती. व्यापाऱ्यांनी एकदा विचारपूस केली आणि त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. तेव्हापासून टोळीचं एकच मागणं होतं, आमची नावं माथाडी मंडळात नोंदवा. नाव नोंदलं की पडलेल्या माणसाला काहीतरी मिळतं, आणि 'उद्यापासून येऊ नको' असं तोंडावर म्हणता येत नाही. व्यापारी दाद देईनात. टोळीने ठरवलं होतं, संक्रांत झाली की पुढच्या सोमवारपासून काम बंद. केळी थांबत नाही. दोन दिवसांत झाडावर पिवळी पडते. त्यामुळे व्यापाऱ्यांना झुकावं लागणार, हे सगळ्या गावाला दिसत होतं. नोंदणीचा अर्ज देवरे सरांनीच लिहून दिला होता, आपल्या सुवाच्य अक्षरात.

पितांबर यायच्या दिवशी सकाळी आठलाच पोरं धुतलेल्या गणवेशात हजर. कोणाच्यातरी बागेतून खरा घड आणला होता, चांगला भरलेला. एकदा चालवून बघू म्हणून सरांनी कळ दाबली. पहिलवान पुढे गेला, आकडा अडकला, मोटर किंचाळली, साखळी कडकड करून घसरली. घड बोटभरसुद्धा हलला नाही. सरांनी फण्या कमी केल्या. मग घड दिसायला केविलवाणा, आणि तरी तो उचलेना. थंडीने बॅटरीही बसली होती. साडेदहा वाजले. पोरांची तोंडं उतरली.

प्रयोगशाळेच्या माळ्यावर मागल्या गॅदरिंगचा देखावा पडलेला होता. त्यात कागदाच्या लगद्याचा, हिरव्या रंगाचा केळीचा घड होता. सरांनी वर पाहिलं. त्या क्षणी त्यांच्या मनात नेमकं काय आलं ते त्यांनाही पुढे धड सांगता आलं नाही. ते एवढंच म्हणाले, "तो काढ रे खाली."

कापलेला घड वाटेत घासू नये म्हणून वाळलेल्या पानांत गुंडाळण्याची इकडे पद्धतच आहे. कागदाच्या घडाला तशीच पानं गुंडाळली. ते काम कोकिळेने केलं. तिचा हात त्यात बसलेला होता. गाठ मारताना तिने विचारलं, "सर, हे चालतं?"

"फक्त टीव्हीसाठी. मोठी मोटर आणली की खरा घड उचलायचाच आहे ना आपल्याला? थोडं आधी दाखवतोय, इतकंच."

पोरांना पटलं. पोरांना सरांचं सगळंच पटायचं.

पितांबर आला, घाईत होता. पहिलवानाने पानांत गुंडाळलेला घड कसा झरकन उचलला! दोनदा उचलला, तीनदा उचलला. पितांबर खूश झाला. मग त्याने कॅमेरा सरांच्या तोंडाकडे वळवला. "एक वाक्य द्या सर. लोकांच्या लक्षात राहील असं. हे किती माणसांचं काम करेल?"

सर अडखळले. कोणी कधी हिशेबच केला नव्हता. "करेल... वीस... तीस..."

"ठाम सांगा."

"चाळीस."

"पूर्ण वाक्यात."

"हा एक यंत्रमानव चाळीस मजुरांचं काम करेल."

बाहेरून ट्रॅक्टर गेला, म्हणून ते वाक्य पुन्हा घ्यावं लागलं. मग कोंबडा आरवला, म्हणून तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी सरांचा आवाज छान लागला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्या वेळी कोणाला वाटणार? पोरांनी टाळ्या वाजवल्या.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बातमी लागणार असं पत्र आलं. ग्रामपंचायतीचा संच पारावर आणून ठेवला. गाव लोटलं. अभिमनची टोळी कामावरून तशीच आली होती, चिकाच्या डागांच्या सदऱ्यांत. मुकादमाची पोर दिसणार म्हणून लोकांनी त्यांना पुढे बसवलं. जिल्ह्यांच्या बातम्यांत आधी कुठलातरी पूल झाला, कुठेतरी कुस्त्या झाल्या. आणि मग दसनखेड्याची शाळा. पोरं ओरडली. कोकिळा दिसली तेव्हा अभिमनने शेजाऱ्याच्या पाठीवर एवढ्या जोराने थाप मारली की तो पुढे झुकला. पहिलवानाने घड उचलला. त्यानंतर सरांचा चेहरा आला आणि ते वाक्य.

हा एक यंत्रमानव चाळीस मजुरांचं काम करेल.

बातमी संपली. लोक सरांचे हात हातात घेत होते, हेडमास्तर पेढे वाटत होते. पुढची टोळी मात्र बसूनच होती. अभिमन उठला, सरांपाशी आला आणि हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "आमनी टोयी ते अडतीसनीच शे, सर."

सर म्हणाले, "अरे, ते आपलं बोलायचं म्हणून." अभिमनने मान हलवली. पण त्याची नजर संचावरच होती, तिथे आता हवामान सांगत होते.

तिसऱ्या दिवशी बन्सीलालशेठचं बोलावणं आलं. केळीच्या व्यापाऱ्यांत शेठ सगळ्यांत मोठा, बोलायला गोड. चहा, शाल, श्रीफळ. "सर, आमच्या मुलखाचं नाव काढलंत. एक विनंती आहे. ते तुमचं यंत्र थोडे दिवस आमच्या लोडिंगच्या वाड्यात राहू द्या."

सरांनी कप खाली ठेवला. "शेठ, ते मॉडेल आहे. पोरांनी केलेलं. कामाचं नाही."

"चालवायचं कोणाला आहे? नुसतं उभं राहू द्या. लोकांना दिसू द्या." शेठने बशीत चहा ओतला. "आणि सर, ते कामाचं नाही वगैरे चारचौघांत बोलू नका. तुमच्या पोरांना पुण्याला जायचंय ना? झाकली मूठ सव्वा लाखाची."

शेठला काही ठाऊक होतं की नुसता अंदाज होता, कोण जाणे. पण चोराच्या मनात चांदणं. सरांना वाटलं, याला कागदाच्या घडाचं कळलंय. घड खोटा होता हे बाहेर पडलं तर पुण्याची निवड रद्द, पोरांची नाचक्की, आणि आपण? तीन बक्षिसांवरसुद्धा शेण पडणार. ते गप्प बसले. शाळेच्या छपराला शेठकडून नवे पत्रे मिळायचे होते, त्यामुळे हेडमास्तरांनी त्याच दुपारी पहिलवान बैलगाडीवर घालून पाठवून दिला.

वाड्यात फाटकासमोरच त्याला उभा केला. वर ताडपत्रीचं छप्पर, आकड्याला झेंडूची माळ, आणि बाजूला पानांत गुंडाळलेला तोच घड. जवळ जाऊ नका, शॉक बसतो, अशी पाटी. सकाळी टोळी आत शिरायची ती त्याच्यासमोरून. डोक्यावर घड घेऊन एकेक माणूस जायचा आणि ते खाटेच्या पायांचं धूड त्यांच्याकडे बघत असल्यासारखं उभं असायचं. पहिल्या दिवशी दोघांनी थट्टा केली. नंतर कोणी केली नाही. कोणीतरी म्हणालं, असली दहा मशिनं पुण्याहून निघाली आहेत. कोणी म्हणालं, दहा नव्हे, गावात एक याप्रमाणे. शेठने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्याला सांगावं लागलंच नाही.

संक्रांत आली. दरवर्षी तिळगूळ घ्यायला अभिमन सरांकडे यायचा आणि ओट्यावर बसून गावाकडच्या गोष्टी व्हायच्या. त्या वर्षी तो आला नाही. सर संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून राहिले, वाटी झाकून. लताबाईंनी वाटी उचलून आत नेली. सरांना तेव्हा कोणीतरी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शनिवारी कळलं, बंद सुरू व्हायच्या आधीच मोडला. शेठने कागद तयार केला होता: नोंदणीचं मागणं आम्ही सोडलं, अर्ज मागे घेतला, काम आहे तसं चालू ठेवू. सोमवारी सकाळी सगळ्यांनी अंगठे द्यायचे. जो देणार नाही त्याच्या जागी मशीन.

त्याच दुपारी शाळा सुटल्यावर कोकिळा प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. आत आली नाही.

"सर, मी बाबांना सांगितलं. घड कागदाचा होता, मीच पानं बांधली होती."

"मग?"

"बाबा म्हणाले, तू सरांची चेली, मला बरं वाटावं म्हणून बोलते." तिने ओठ दाबले. "सर, तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

नऊ दिवस सर गप्प बसले होते. रोज उठून त्यांनी स्वतःला पुण्याचं कारण सांगितलं होतं. आता ती पोर समोर उभी होती, जिने बापाच्या मानेवरचा घड उतरावा म्हणून हे सगळं मागितलं होतं. सरांना स्वतःची अशी लाज वाटली की त्यांना तिच्याकडे बघवेना.

रविवारी पहिल्या एसटीने ते जळगावला गेले. पितांबर नवरदेवाची फीत जोडत बसला होता. सरांनी सगळं सांगितलं. घड खोटा होता, चाळीसचा आकडा खोटा होता. "पुन्हा दाखवा. मी कॅमेऱ्यासमोर कबूल करतो. माझं नाव घेऊन दाखवा."

पितांबरने हातातलं काम थांबवलं. तो वाईट माणूस नव्हता. "सर, यंत्राने घड उचलला ही बातमी आहे. यंत्राने घड उचलला नाही, याला मी कॅमेरा घेऊन कुठं येऊ? असं रोजच असतं. मुंबईवाले फीत फेकून देतील."

"पण ते खोटं होतं!"

"ते लागलं, सर. लागलेलं परत येत नाही."

जो टीव्ही आणायला सरांनी चार महिने हेलपाटे घातले होते, तो आता हात जोडूनही येईना. परतीच्या गाडीत त्यांना बसायला जागा मिळाली होती, तरी ते उभेच राहिले.

सोमवारी सकाळी सर वाड्यात गेले. बरोबर कोकिळा होती. नको म्हटलं तरी आली होती, बापाची चुंबळ हातात घेऊन. टोळी रांगेत बसलेली. टेबलावर कागद, शाईचा डबा, आणि शेठ खुर्चीत. अजून पहिला अंगठा उठायचा होता.

"थांबा," सर म्हणाले. "अंगठे देण्याआधी हे यंत्र चालताना बघा. माझ्या हाताने चालवतो."

शेठने हात आडवा केला नाही. तो नुसता मागे टेकला.

सरांनी माळ काढून टाकली, बॅटरी जोडली, ट्रकपाशी पडलेला खरा घड दोघांकडून आणवला आणि आकड्याला अडकवला. कळ दाबली. मोटर किंचाळली. साखळी घसरली, पुन्हा दातात बसली, आणि मग तुटून चाबकासारखी जमिनीवर आपटली. मोटरीतून धूर निघाला. हात वाकडा होऊन खाली लोंबला. घड जिथे होता तिथेच होता.

सगळे बघत होते. सरांनी मग दुसरा घड उचलला, टीव्हीवरचा. एका हाताने उचलला. पानं ओरबाडून काढली आणि केळी दोन्ही हातांनी फाडायला लागले. आतून जुन्या वर्तमानपत्रांचे थर निघाले, खळ लागलेले. "हा कागद आहे! मी फसवलं. हे यंत्र कोणाचंच काम करणार नाही, कधीच करणार नव्हतं. अंगठे देऊ नका. मी तुम्हाला फसवलं, अभिमन!"

एवढं मोठ्याने सर आयुष्यात कधी बोलले नव्हते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

शेठ हळूच हसला. "दयाळू माणूस. तुमच्यासाठी पोरांचं एवढं यंत्र मोडलं बघा. पण बाबांनो, पुण्याला असली यंत्रं करणारे काही दयाळू नाहीत."

मग अभिमन उठला. त्याने जमिनीवरचा कागदाचा तुकडा उचलला, बोटांनी चुरगळून पाहिला आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्याने सरांना कधी हात लावला नव्हता.

"सर, तुम्ही भला मानूस शेत. आमनाकरता एवढं मशीन मोडी टाकं. कागदना घड बी करी लयना."

"अरे, नाही! डोळ्यांनी बघितलंस ना आत्ता?"

"दखं ना." अभिमन समजुतीच्या सुरात म्हणाला, लहान मुलाशी बोलावं तसं. "पन टीव्हीवर त्यानी उचला व्हता, सर. बठ्ठा गावनी दखा."

तो टेबलापाशी गेला आणि पहिला अंगठा त्याने दिला. शाई सदऱ्याला पुसली. तिथे चिकाच्या डागांत ती दिसलीही नाही. मागून एकेक करून बाकीचे सदतीस उठले.

अंगठा देऊन अभिमन परत आला तेव्हा पहिलवानाच्या पायाशी तो खरा घड तसाच पडलेला होता आणि ट्रकवाला भोंगा वाजवत होता. अभिमनने पोरीपुढे हात केला. "चुंबय दे, माय."

कोकिळेने सरांकडे पाहिलं. मग तिने चुंबळ बापाच्या डोक्यावर नीट बसवली. अभिमन वाकला, घड एका दमात डोक्यावर घेतला आणि त्या मोडलेल्या यंत्राला वळसा घालून ट्रककडे चालू लागला.